परमुलखातले ऊन आणि घरची औषधे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख लिहावा अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा पहिल्या कार्यकारिणीची नावे, गणेशोत्सवांची जंत्री आणि नाट्यप्रयोगांची यादी ही कामे इतरांनी आधीच पत्करली होती. आमच्या वाट्याला विषयच उरला नव्हता. अखेर आम्ही म्हणालो, “उन्हावर लिहितो.” यावर बैठकीत थोडा हशा झाला. परंतु गंगा-यमुनेच्या या मैदानात बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला येथली भाषा भेटण्यापूर्वी, येथले जेवण अंगी लागण्यापूर्वी, प्रथम भेटते ते येथले ऊन, ही गोष्ट हसणाऱ्यांपैकी कोणीही नाकारली नाही. शिवाय या उन्हाने आमच्या मंडळाचा एकदा फार मोठा अपराध उघडा पाडला. ती हकीकत यथाक्रम येईलच.

कोकणातील ऊन आम्हाला ठाऊक होते. ते चिकट असते. घाम येतो आणि अंगावरच राहतो. त्या हवेत पाणी वाळत नाही, म्हणून तेथली औषधे प्रायः स्निग्ध. उन्हाने कातडी रापली, ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, तर खोबरेल किंवा कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, ज्याला गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, ते लावावयाचे. अंगावर पित्त उठले तर आमसुलाचे पाणी चोळावयाचे. पोटात थंडावा म्हणून सोलकढी. मुंबई इलाख्यातील वनौषधींचा शोध घेणाऱ्या विल्यम डायमॉकने गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, आपल्या ग्रंथात कोकमतेलाची दखल घेतली आहे. म्हणजे आमच्या आज्यांची ही बरणी त्या काळीच छापील विद्येत जाऊन बसली होती.

येथले ऊन निराळे. वैशाख लागला की लू वाहू लागते आणि घाम आला हे कळण्यापूर्वीच तो उडून जातो. माणूस कोरडा राहतो आणि कोरड्यानेच भाजतो. अशा हवेत पाण्याचा एक थेंब जे काम करतो ते तेलाच्या वाटीला साधत नाही. येथील बहुतेक सारे घरगुती उपाय पाण्यावर उभे आहेत: ओला पंचा, वाळ्याचा पडदा, माती, चंदनाचे गंध. प्रदेशाप्रमाणे उपाय जन्माला येतात ही गोष्ट आज आम्ही सहज लिहून जातो. पण ती समजण्यासाठी आम्हा मराठी मंडळींना काही उन्हाळे खर्ची घालावे लागले.

या उपायांची वंशावळ मोठी जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलाचा तिसरा अंक ज्यांनी शाळेत वा महाविद्यालयात वाचला असेल त्यांना त्याचा आरंभ आठवावा. कण्वाश्रमातील एक शिष्य प्रियंवदेला विचारतो, हा वाळ्याचा लेप आणि ही देठांसकट कमळाची पाने कोणासाठी चालली आहेत? उत्तर मिळते की शकुंतलेला ऊन बाधले आहे, तिच्या अंगाचा दाह शमविण्यासाठी. पुढे राजालाही शंका पडते की हा उन्हाचा विकार की दुसरे काही. प्रेक्षकाला खरे कारण ठाऊक असते, म्हणून हा प्रसंग गोड वाटतो. आम्हाला मात्र त्यात एक निराळीच गोष्ट दिसते: ऊन लागले म्हणजे वाळा वाटून अंगाला लावावयाचा, ही रीत त्या काळच्या प्रेक्षकांच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की नाटककाराने तिचा खुलासा करण्याची आवश्यकताच मानली नाही.

वैद्यकात याचा विचार अधिक काटेकोर. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात भाजण्याचे प्रकार सांगितले आहेत. तेथे त्याने एक भेद केला, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अग्नीने भाजणे वेगळे आणि उष्ण वाऱ्याने वा उन्हाने भाजणे वेगळे. अग्नीने किंचित पोळले तर शेक द्यावा असे तो म्हणतो. आजचे डॉक्टर मात्र अशा वेळी वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावयास सांगतात, आणि येथे आपण डॉक्टरांचेच ऐकावे. परंतु ऊन आणि उष्ण वारा यांनी भाजलेल्यास मात्र नेहमी शीत उपचारच करावा, असा त्याचा निःसंदिग्ध निर्वाळा आहे, आणि त्यात आज दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावरही फरक करावा लागलेला नाही. नीट भाजलेल्या जागेवर लावण्याचा जो लेप त्याने दिला आहे, त्यात वंशलोचन, पिंपरीची साल, गुळवेल व चंदन यांबरोबर गेरू येतो, आणि हे सारे तुपात कालवावयाचे. गेरू म्हणजे लोहाचा गंज. औषधाच्या दुकानात उन्हावर म्हणून जे गुलाबी कॅलामाईन लोशन मिळते, त्याचा गुलाबीपणाही जस्ताच्या पांढऱ्या भस्मात मिसळलेल्या लोहाच्या त्याच गंजाचा असतो. यावरून सुश्रुताला सारे ठाऊक होते असा डंका पिटण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. पण योगायोग मनोरंजक खरा.

याहून मौजेची गोष्ट धुतलेल्या तुपाची. चरकाने दाहज्वराच्या रोग्याच्या अंगाला हजार वेळा धुतलेले तूप चोळावयास सांगितले आहे. व्यवहारात वैद्य शंभर वेळा धुतलेल्यावर, म्हणजे शतधौत घृतावर, समाधान मानतात. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यावयाचे, त्यात गार पाणी घालून तळहाताने किंवा तांब्याच्या भांड्याच्या बुडाने फेसावयाचे, पाणी ओतून टाकावयाचे, पुन्हा नवे घालावयाचे. हळूहळू पिवळेपणा जातो, वास जातो, कण जातो, आणि लोण्याहून मऊ, पांढरेशुभ्र असे काहीतरी हाती लागते. तूप पाणी धरून ठेवू लागते, हे त्यातले मर्म. अंगाला लावले की ते पाणी सावकाश उडत राहते आणि त्वचा गार होते. रोमन काळातील गेलेन या वैद्याच्या नावावर असलेला मेण, तेल आणि गुलाबपाण्याचा लेप, ज्यापासून आजचे कोल्ड क्रीम निघाले, तो याच तत्त्वावर चालतो. आमच्या मंडळातील एका वयोवृद्ध भगिनींनी एका उन्हाळ्यात हे तूप खरोखरच शंभर वेळा धुतले होते. परातीशेजारी गव्हाचे शंभर दाणे ठेवून प्रत्येक वेळी एक दाणा बाजूला सारीत त्या बसल्या होत्या, आणि दुपारचे दोन तास त्यांनी कोणाशीही बोलावयाचे नाकारले.

चंदनाविषयी एका परदेशी माणसाची साक्ष आमच्याच मुलखातून मिळते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. या उष्ण देशातील लोक चंदन पाण्यात उगाळून अंगाला लावतात, हे त्याने तेथेच पाहून लिहिले. सहाण आणि खोड घरोघर होते त्या काळची ही गोष्ट. आज खऱ्या चंदनाचा तुकडा देवघरात सांभाळून ठेवावा लागतो. बाजारात चंदनाच्या नावाने जी पूड मिळते ती लाल झालेल्या त्वचेवर लावण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

उत्तरेत मोगलांनी उन्हाशी जे युद्ध केले ते दरबारी थाटाचे. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत वाळ्याच्या पडद्यांची हकीकत दिली आहे. त्यावर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. पाणी गार करण्यास सोऱ्याचा उपयोग, हिमालयाच्या बाजूने येणारा बर्फ, हेही तेथेच वाचावयास मिळते. गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नूरजहानच्या आईला दिले आहे. बादशहाचे अत्तर कोणाला मिळणार? परंतु गुलाबपाणी मात्र खाली उतरत उतरत गाझीपूर-कनोजच्या बाजारांतून मध्यमवर्गाच्या कपाटात आले. वाळ्याचे पडदेही तसेच उतरले. आम्ही येथे आलो तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या टट्ट्या लागत आणि त्यांवर पाणी मारणारा एक माणूस उन्हाळ्यापुरता नेमलेला असे. पुढे कूलर आले, आणि त्यांच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत पुन्हा वाळाच जाऊन बसला. हा उपाय मुंबईत का चालत नाही, असे आमच्याकडे सुटीत येणारे पाहुणे हमखास विचारतात. दमट हवेत पाणी उडत नाही, आणि पाणी उडाले नाही तर गारवा कोठून येणार?

आता मराठी माणसाकडे येऊ. नर्मदा ओलांडून येणारे आपण काही पहिले नव्हे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने वारले. वैशाखाचे ते दिवस पाहता तो उष्माघात असावा असे मानणारे इतिहासकार आहेत. खात्रीने सांगणे आज शक्य नाही. पण उन्हाळ्याच्या मोहिमांत उघड्या माळावर छावणी टाकणाऱ्या सैन्याला शत्रूइतकाच सूर्यही मोजावा लागत असे, यात संशय नाही. १८१८ नंतर दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास म्हणजे बिठूरला आले आणि त्यांच्याबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे गंगेच्या काठी स्थिरावली. देशावरच्या आणि कोकणातल्या त्या बायकांनी तेथला पहिला ज्येष्ठ कसा काढला असेल, याचा बखरींत मागमूस नाही. बखरकारांना तशा गोष्टी लिहावयाच्या नसतात.

त्याच बिठूर-झाशीच्या माणसांनी पुढे उन्हालाच शस्त्र केले. १८५८ च्या मे महिन्यात कुंच आणि काल्पी येथे तात्या टोपे, रावसाहेब, राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजांशी सर ह्यू रोजच्या सैन्याची गाठ पडली, तेव्हा गोरे शिपाई गोळ्यांइतकेच उन्हाने कोसळत होते. खुद्द रोज उन्हाने अनेकदा घोड्यावरून ढासळला, आणि अंगावर गार पाणी ओतून त्याला पुन्हा उभे करावे लागले. गोऱ्यांवर सकाळी दहाच्या आत हल्ला करू नये, कारण उन्हात लढल्याने ते मरतात किंवा दवाखान्यात जातात, अशा आशयाचा क्रांतिकारकांचा हुकूम इंग्रजांच्या हाती लागला होता. त्या ओळीमागे चाळीस वर्षांचा येथला मुक्काम दिसतो. नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे सुचले नसते.

नोकरीसाठी बाहेर पडलेल्या पुढच्या पिढ्यांना छापील पुस्तकाचा आधार मिळाला. शंकर दाजीशास्त्री पदे, ज्यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिकला वैद्यांचे संमेलन भरले, त्यांचा ‘आर्यभिषक’ हा ग्रंथ अनेक घरांतून पंचांगाशेजारी असे. आमच्या घरची प्रत दोन बदल्यांत भिजली आणि एका बदलीत तिचे पुठ्ठे गेले. तरी ती टाकावी असे कोणाला वाटले नाही. परंतु पुस्तकातले नाव घेऊन येथल्या बाजारात गेले तर पंसारी तोंडाकडे पाहत राही. वाळ्याला खस म्हणावयाचे आणि कोरफडीला घीकुंवार, हे प्रथम शिकावे लागले. या कोरफडीची गंमत अशी की जिला आपण परसातली, घरची म्हणतो, ती मुळात अरबस्तानच्या द्वीपकल्पातली. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भाजण्यावर आणि फोडांवर तिचा गुण सांगितलेला आढळतो. म्हणजे तीही केव्हातरी बाहेरून आली आणि येथलीच झाली. पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो आधी निथळू द्यावा, कारण त्याने त्वचा चिडते. आतला पारदर्शक गर तेवढा घ्यावा. त्याने आराम वाटतो हे निश्चित, जखम लवकर भरते असेही काही प्रयोगांत दिसले आहे. मात्र उन्हाने झालेली हानी तो पुसून टाकतो असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

आणि कैरी! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण उकडलेल्या कैरीचे, गूळ-वेलदोड्याचे पन्हे करतो. येथे कैरी निखाऱ्यावर भाजतात, तिच्यात मीठ, भाजलेले जिरे आणि पुदिना घालतात, आणि ऊन लागलेल्या माणसाला केवळ ते पाजून थांबत नाहीत. भाजलेल्या कैरीचा गर त्याच्या तळहातांना व तळपायांना चोळतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आमच्या घरी अन्नाची नासाडी म्हणून कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पिण्याच्या बाबतीत शेजारणींचे पन्हे आमच्याहून शहाणे, हे मान्य करावयास हवे: घामाबरोबर मीठ जाते, आणि त्यांच्या पन्ह्यात मीठ असते.

आता त्या श्रमदानाची हकीकत. मंडळाच्या स्थापनेनंतरचा दुसरा उन्हाळा. वास्तूसाठी जागा मिळाली होती आणि ती सपाट करण्यास मजूर लावण्याइतके पैसे नव्हते. मे महिन्यातील एका रविवारी सुमारे तीसजण घमेली-फावडी घेऊन जमलो. सकाळी सहाला येण्याचे ठरले होते, जमेपर्यंत नऊ वाजले. उत्साह मात्र दांडगा. तरुणांनी सदरे काढून ठेवले. फाटकाशी एक कडुनिंब होता, त्याखाली पाण्याचा माठ. दुपारी एकपर्यंत काम चालले. संध्याकाळी घरोघर लाल खांदे आणि भाजलेल्या माना. आमच्या मातोश्रींनी रत्नागिरीच्या रीतीप्रमाणे आमच्या धाकट्या भावाच्या पाठीला खोबरेल चोळले. रात्रभर तो तळमळत राहिला. पहाटे शेजारच्या माताजी आल्या, पाठ पाहिली, काही न बोलता तेल हलक्या हाताने टिपून घेतले आणि माठाच्या पाण्यात भिजवलेले मलमलीचे जुने धोतर पाठीवर पसरले. ते वाळले की पुन्हा भिजवावयाचे. दुपारी त्याला झोप लागली. ताज्या दाहावर तेलकट लेप ऊब कोंडून ठेवतो, हे आम्हाला पुढे एका डॉक्टरांनी सांगितले. माताजींना ते कोणी सांगितले होते, कोणास ठाऊक.

रात्रीच दाह का वाढला, हेही त्या वेळी कळले नव्हते. उन्हाचे भाजणे उष्णतेचे नसतेच. १८०१ साली जर्मनीत रिटरने जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण शोधले. १८२० साली एव्हरर्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने आपला एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली असा उन्हात धरला. कापडाखाली उष्णता अधिक भरली, पण भाजला तो उघडा हात. म्हणजे दोषी ऊब नव्हे, किरण. त्यांचा परिणाम काही तासांनी लालीच्या रूपाने दिसू लागतो आणि बारा ते चोवीस तासांत शिगेला पोहोचतो. म्हणूनच उन्हात असताना काही वाटत नाही. गार पाणी, ताकाची घडी, कोरफड, ओली मुलतानी माती, ही सारी वेदना हलकी करणारी आहेत. माती मात्र वाळून कडक होण्यापूर्वी धुवावी, नाहीतर त्वचेचा ओलावा ती उलट ओढून घेते. लिंबू लावण्याची जी नवी टूम निघाली आहे ती सर्वांत वाईट: लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. अंगभर फोड, ताप किंवा थंडी वाजणे असेल तर डॉक्टरच गाठावा.

परंतु अपराध म्हणालो तो हा नव्हे. त्याच दिवशी साडेबाराच्या सुमारास आमच्यातील एक गृहस्थ, लेखा कार्यालयात कारकून, घमेले टाकून बसले. अंग तापलेले, आणि असंबद्ध काहीतरी बोलू लागले. त्यांना कडुनिंबाखाली निजवले. मग उपायांची चढाओढ लागली. कोणी कांदा फोडून तळपायांना घासला, कोणी खिशात कांदा ठेवला, कोणी गुलाबपाणी आणावयास घरी धावले. पाजावयाचे काय, ताक की पन्हे, यावर देशस्थ-कोकणस्थ वाद झाला, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजणे धोक्याचे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक नव्हते. पाऊण तास गेला. माठ हातभर अंतरावर होता. तो त्यांच्या अंगावर ओतावा आणि वारा घालावा, हे आम्हा सुशिक्षितांपैकी एकालाही सुचले नाही. शेवटी रस्त्यावरच्या एका टांगेवाल्याने ते केले, आमच्याकडे एकदा पाहिले, आणि आपल्याच टांग्यातून त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, “इतका वेळ काय करीत होता?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ते वाचले. तीन आठवडे इस्पितळात होते. पुढे कित्येक महिने त्यांना आकड्यांची बेरीज नीट जमत नसे, आणि त्यांची नोकरीच आकड्यांची होती. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात श्रमदानाचा उल्लेख आहे, उपस्थितांची संख्या आहे, या प्रसंगाविषयी एक अक्षर नाही. तो अहवाल आम्हीच लिहिला होता.

निवृत्तीनंतर ते सांगलीकडे जाऊन राहिले. या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्या अशी त्यांना विनंती केली, तेव्हा आठवणी आल्या नाहीत, एक कार्ड आले. महोत्सवाचा मंडप मे महिन्यात घालू नये, आणि घालावाच लागला तर दारात पाण्याचे पिंप असावे, एवढेच त्यात होते. खाली, फाटकाजवळचा कडुनिंब अजून आहे का, अशी विचारणा. कडुनिंब आहे. महोत्सव डिसेंबरात ठेवला आहे.